खेळात नसलेली माणसे

१९९० च्या दशकात दूरदर्शन संचाला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम आपल्या घरांत आले, तो काळ अनेक वाचकांना आठवत असेल. प्लास्टिकचा एक हलकासा डबा, त्यात वरून खोचायची जाडजूड ‘कॅसेट’, वायरींच्या टोकांना दोन रिमोट आणि मे महिन्याच्या सुटीत दुपारभर त्याभोवती जमलेली शेजारपाजारची मुले. कोणी ‘मारिओ’ला उड्या मारायला लावी, कोणी ‘कॉन्ट्रा’तले शिपाई धाडी. आतल्या खोलीतून थोरली माणसे ओरडत, “आता पुरे करा रे, टीव्ही तापला!” खेळापेक्षाही आम्हाला छळत असे ते त्याचे संगीत. तीच तीक्ष्ण धून भिंतीपलीकडून पुन्हा पुन्हा ऐकू येई आणि रात्री पाठ टेकली तरी कानांतून जात नसे. ती धून कोणा माणसाने बसून, विचार करून रचली असेल हे आमच्या कधी मनातही आले नाही.

अशाच एका खेळाची गोष्ट घेऊन अमेरिकेतील एका रॉक बँडने विज्ञानकथेचे अल्बम रचले. त्या बँडचे नाव ‘द प्रोटोमेन’. खेळ व रॉक, दोहोंविषयी आमच्या पिढीचा पूर्वग्रह ठाऊक असूनही आम्ही हा विषय येथे घेतला आहे. ह्या मंडळींनी खेळण्यातल्या गोष्टीला एक असा प्रश्न विचारला की जो खेळ बनवणाऱ्यांना विचारण्याचे कारणच पडले नव्हते. तेथपर्यंत जाण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

रॉक संगीताची लाँग-प्ले तबकडी म्हणजे मुळात दहा-बारा सुट्या गाण्यांची जुडी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही कलावंतांना वाटू लागले की तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट सांगता येईल. एका सूत्रात गुंफलेल्या अशा गाण्यांच्या संचाला ‘कॉन्सेप्ट अल्बम’ म्हणू लागले, आणि गोष्ट पात्रांच्या तोंडून गाऊन सांगितली तर ‘रॉक ऑपेरा’. संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. फरक इतकाच, की येथे पडदा नाही, नेपथ्य नाही, बहुधा गद्य संवादही नाहीत. श्रोत्याने सारे नाटक कानांनीच पाहायचे.

ह्या प्रकारातील सर्वांत गाजलेली कृती म्हणजे इंग्लंडच्या ‘द हू’ ह्या बँडचा ‘टॉमी’ हा १९६९ चा जोड-अल्बम. त्याचा नायक आंधळा, बहिरा व मुका मुलगा. पण पिनबॉलच्या यंत्रावर त्याचा हात कोणी धरू शकत नाही. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी खेळवण्याचे यंत्र. व्हिडिओ गेमचे ते वडीलधारे भावंडच. गंमत अशी की मूळ कल्पनेत पिनबॉल नव्हताच. रचनाकार पीट टाउनशेंड ह्यांनी आपले अर्धेमुर्धे काम निक कोहन ह्या समीक्षकाला ऐकवले. त्याला ते फार गंभीर वाटले. कोहन पिनबॉलचा वेडा होता, म्हणून टाउनशेंडनी नायकाला पिनबॉलपटू करून टाकले! समीक्षकाला खूश करण्यासाठी केलेला हा बदल पुढे त्या कृतीची ओळख ठरला. आमच्या विषयाच्या दृष्टीने ‘टॉमी’तली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लोक त्या मुलाच्या भजनी लागतात, त्याला गुरू करतात आणि शेवटी त्याच्यावरच उलटतात. म्हणजे यंत्रावरचा खेळ आणि नायकाभोवतीची गर्दी ही दोन सूत्रे तेथे प्रथम एकत्र आली होती.

विज्ञानकथेची वाट कॅनडाच्या ‘रश’ ह्या त्रिकुटाने १९७६ साली ‘२११२’ ह्या अल्बमात चोखाळली. भविष्यकाळातील एका राज्यात मंदिरातले पुरोहित सर्वांचे जीवन ठरवतात. एका तरुणाला जुनी गिटार सापडते आणि पुरोहित ती मोडून टाकतात. तबकडीची एक संपूर्ण बाजू ह्या एका कथेला दिलेली होती. आधीचा अल्बम पडला होता आणि कंपनीला छोटी, खपाऊ गाणी हवी होती. ह्या तिघांनी नेमके उलटे केले आणि ते तरले.

इकडे खेळांची यंत्रेही हळूहळू गाऊ लागली होती. १९७८ साली जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. त्यात उतरत जाणाऱ्या चार जाड स्वरांचे आवर्तन अखंड चालू असते, आणि परग्रहावरचे शत्रू जसजसे कमी होतात तसतशी त्याची लय वाढते. शत्रू कमी झाले की यंत्राला चित्रे काढण्याचे काम कमी पडे व उरलेले शत्रू आपोआप जोरात पळत. यंत्राच्या दुबळेपणातून निघालेली ही युक्ती खेळणाऱ्याच्या छातीची धडधड वाढवण्यास पुरेशी झाली. त्याच वर्षी टोकियोच्या ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ने आपल्या पहिल्या अल्बमात खेळघरांतील यंत्रांचे आवाज घेतले. त्या संघातील हारुओमी होसोनो ह्यांनी पुढे १९८४ साली नामको कंपनीच्या खेळांच्या संगीताचा एक स्वतंत्र अल्बमच काढला. अमेरिकेत बकनर व गार्सिया ह्या जोडीने पॅकमॅनच्या वेडावर रचलेले गाणे १९८२ साली तेथील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेले. ती सारी थट्टामस्करी होती, आणि थट्टा म्हणून ठीकच होती. खेळाच्या पोटात एखादी शोकांतिका दडलेली असू शकेल असे तेव्हा कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

आता ज्या खेळातून आमची कथा निघाली त्याकडे वळू. डिसेंबर १९८७ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘रॉकमॅन’ नावाचा खेळ बाजारात आणला. डॉक्टर लाइट हा भला शास्त्रज्ञ कामकरी यंत्रमानव बनवतो. डॉक्टर वायली त्यांतले सहा बिघडवून आपल्या बाजूला वळवतो. तेव्हा लाइटच्या घरात मदतनिसाचे काम करणारा लहानगा यंत्रमानव योद्धा होऊन निघतो. कथा म्हणाल तर एवढीच, पोस्टकार्डावर मावेल. आकिरा कितामुरा हा ह्या खेळाचा मुख्य रचनाकार. पात्रांची चित्रे काढण्यात केइजी इनाफ्युने ह्या बाविशीतील चित्रकाराचा मोठा वाटा होता. संगीत मानामी मात्सुमाए ह्या तरुण संगीतकर्तीचे. ज्या यंत्रासाठी ते लिहायचे त्यात ध्वनीचे पाचच मार्ग होते. त्यांतले तीन सूर वाजवण्याजोगे, चौथ्यातून केवळ खरखर निघे. पाचवा मार्ग ध्वनिमुद्रणाचे बारीकसारीक तुकडे वाजवण्यासाठी होता. म्हणजे सारा वाद्यवृंद तीन सुरांत बसवायचा आणि ढोल-झांजांचे काम खरखरीवर भागवायचे. शिवाय धून संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, आणि विसाव्या वेळीही ती ऐकवली पाहिजे! ज्यांनी कधी चर्चच्या गायकवृंदासाठी तीन आवाजांची रचना बसवली असेल त्यांना ह्या कामाची अवघडता अधिक कळेल. लहानपणी आम्हाला छळणाऱ्या संगीताविषयीचे आमचे मत हे सारे समजल्यावर बदलले, हे आम्ही कबूल करतो.

ह्या खेळाच्या नामकरणातच संगीत होते. नायकाचे नाव रॉक, बहिणीचे रोल. दोघे मिळून ‘रॉक अँड रोल’. १९९० साली मालिकेच्या तिसऱ्या खेळात शीळ घालीत येणारा एक गूढ योद्धा दिसला. तो नायकाचा हरवलेला थोरला भाऊ. जपानीत त्याचे नाव ‘ब्लूज’. पुढच्या एका प्रतिस्पर्ध्याचे नाव ‘फोर्टे’, आणि त्याच्या कुत्र्याचे ‘गॉस्पेल’! अमेरिकेत विकताना कंपनीच्या तेथील लोकांना ‘रॉकमॅन’ हे नाव पसंत पडले नाही. त्यांनी ‘मेगा मॅन’ केले आणि ब्लूजचा ‘प्रोटो मॅन’ झाला. अशा रीतीने भावंडांतील संगीताचे नाते भाषांतरात पुसले गेले. अमेरिकेतील पहिल्या वेष्टणावर चित्रकाराने लहानग्या यंत्रमानवाऐवजी पिस्तूल घेतलेला एक अवघडलेला प्रौढ गृहस्थ काढला होता. त्या चित्राची टवाळी पुढे कित्येक वर्षे चालू राहिली.

हे खेळ खेळत अमेरिकेत जी पिढी मोठी झाली तिच्यातूनच ‘द प्रोटोमेन’ निघाले. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल ही लोकसंगीताची व ध्वनिमुद्रणाची राजधानी. तिच्याजवळच्या मर्फ्रीझबरो गावी विद्यापीठात शिकत असताना ही मंडळी एकत्र आली. त्यांनी बँडला नाव घेतले ते धाकट्या, विजयी भावाचे नव्हे, तर हरवलेल्या थोरल्याचे. ह्यातच त्यांची दिशा दिसते. ते रंगमंचावर रंगवलेल्या चेहऱ्यांनी येतात आणि टोपणनावांनीच वावरतात. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. पहिल्या ‘रॉकमॅन’च्या श्रेयनामावलीतही टोपणनावेच होती, आणि इनाफ्युनेचे नाव ‘इनाफकिंग’ असे दिले होते. आपली माणसे दुसऱ्या कंपन्यांनी पळवू नयेत म्हणून कॅपकॉम ही काळजी घेत असे. कंपनीने धंद्यासाठी नावे झाकली, बँडने नाटकासाठी.

२००५ साली त्यांचा पहिला अल्बम आला. खेळातली पात्रे तीच ठेवून बँडने भोवतालचे सारे जग बदलले आहे. एक काळवंडलेले शहर आहे. वायलीच्या यंत्रांचा तेथे पहारा आहे. माणसे जगतात, कामे करतात, मान खाली घालून घरी जातात. डॉक्टर लाइट गुपचूप एक यंत्रमानव घडवतो, त्याला मुलगा मानतो आणि शहराच्या मुक्तीसाठी लढायला पाठवतो. हा प्रोटोमॅन. लोक रस्त्यावर जमतात, त्याची लढाई पाहतात. तो एकटा शेकडो यंत्रांशी लढून थकतो, कोसळतो. आणि इतक्या जमावातून एकही माणूस पुढे होत नाही.

पुत्रशोकाने खचलेला लाइट दुसरा मुलगा घडवतो, तो मेगामॅन. पण ह्याला लढायला पाठवायचे नाही असे त्याने ठरवलेले असते. थोरल्या भावाची हकीकत ऐकून धाकटा हट्टाला पेटतो. बाप अडवतो, तो जातो. लढतालढता तो वायलीच्या सैन्याच्या सेनापतीसमोर येऊन ठेपतो आणि पाहतो तो काय, सेनापती म्हणजे प्रोटोमॅनच. तो मेलेला नव्हता. आपण ज्यांच्यासाठी मरायला निघालो ते आपले मरण पाहत नुसते उभे राहिले, हे त्याने जमिनीवर पडल्या पडल्या पाहिले होते. तो धाकट्याला विचारतो: ही माणसे वाचवण्याजोगी आहेत का? जी स्वतःसाठी बोट उचलणार नाहीत त्यांच्यासाठी तू का मरावेस? धाकट्याजवळ उत्तर असते, पण गर्दी ते ऐकण्यास थांबत नाही. तिला देशद्रोह्याचा वध हवा असतो. जी गर्दी लढण्यासाठी एक पाऊल पुढे आली नव्हती ती आता मारण्यासाठी घसा फोडून ओरडते. मेगामॅन भावाला मारतो. मग तो वळतो, आणि त्या लोकांना यंत्रांच्या हवाली करून शहरातून चालता होतो.

पहिल्यांदा हा शेवट ऐकला तेव्हा आम्हाला तो कडू वाटला, आणि काहीसा अन्यायाचाही. भ्यालेला माणूस म्हणजे दुष्ट माणूस नव्हे. सामान्य माणसाच्या भीतीला थोडी सहानुभूती मिळायला हवी होती, असे आम्हाला आजही वाटते. शिवाय ह्या अल्बमाचा आवाज मुद्दाम खरबरीत ठेवलेला आहे. फाटके स्वर, कर्कश गिटार, मध्येच जुन्या खेळांच्या धर्तीचा यांत्रिक सूर. आमच्यासारख्या कानांना पहिली दोन गाणी पार करणे कठीण जाते. पण एक गोष्ट लक्षात आली आणि आम्ही पुन्हा ऐकायला बसलो. मूळ खेळात माणसे नाहीतच! नायक आहे, शत्रू आहेत, शिड्या, खड्डे, काटे आहेत. पण ज्यांना वाचवायचे ती माणसे कोठेच दिसत नाहीत. ती दाखवण्याची यंत्राची ऐपत नव्हती आणि खेळाला त्यांची गरजही नव्हती. बटण दाबणाऱ्याला जिंकायचे असते, कोणासाठी हे विचारायचे नसते. बँडने त्या रिकाम्या पडद्यावर माणसे आणून उभी केली, आणि मग ती काय करतात ते पाहिले.

दुसरा भाग चार वर्षांनी, २००९ साली आला. ह्याचे ध्वनिमुद्रण बरेच स्वच्छ आहे. निर्मितीसाठी ॲलन शॅकलॉक हे इंग्लंडमधील ‘बेब रूथ’ ह्या १९७० च्या दशकातील बँडचे जुने जाणते गिटारवादक त्यांना लाभले. ह्या भागात कथा मागे जाते. लाइट व वायली हे अजून तरुण सहकारी आहेत. लाइटचा बाप खाणीत काम करता करता मेला. पुन्हा कोणाचा बाप असा मरू नये, माणसाचे धोक्याचे काम यंत्राने करावे, एवढाच त्याचा हेतू. वायलीला त्याच यंत्रांत सत्ता दिसते. एमिली ही लाइटची प्रिया यंत्राच्या हातून मारली जाते आणि खुनाचा आळ वायली लाइटवर आणतो. न्यायालय त्याला निर्दोष सोडते, पण बाहेरचा जमाव फाशीचा दोर मागत असतो. लाइट शहर सोडून जातो. काही वर्षांनी जो नावाचा एक तरुण मोटारसायकलवरून शहराबाहेर पळतो, लाइटला भेटतो, आणि जेथून साऱ्या शहराचे पडदे चालवले जातात तो मनोरा उडवून देण्यासाठी दोघे परत येतात. मनोरा पडतो, जो मरतो, आणि घाबरलेल्या लोकांच्या रक्षणाचे निमित्त करून वायली आपले यंत्रसैन्य रस्त्यांवर उतरवतो. लोक निमूटपणे ते स्वीकारतात. मुक्तीचा पहिला प्रयत्नच गुलामीची पायरी ठरतो.

आमच्या मते हा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, आणि तो आवाज स्वच्छ झाला म्हणून नव्हे. पहिल्या भागात दोष गर्दीचा होता. येथे भल्या माणसालाही त्याच्या भलेपणाचा हिशेब द्यावा लागतो. खाणीतल्या मरणावर उपाय शोधणारा लाइट पुढे कित्येक मरणांचा जनक ठरतो, आणि अल्बमाचे नावही त्याच अर्थाचे ठेवलेले आहे. पूर्वार्धातले संगीत जुन्या वेस्टर्न चित्रपटांची आठवण करून देते, उत्तरार्धातले १९८० च्या दशकातील अमेरिकन रॉकची. कालक्रमाने जग यंत्रांकडे सरकते तसे संगीतही सरकते. पहिल्या भागाच्या पुस्तिकेत गाण्यांमधले दुवे गद्यात छापलेले आहेत. कीर्तनकाराने दोन अभंगांमध्ये आख्यान सांगावे तसे ते वाचत ऐकावे लागते.

२०१५ साली त्यांनी न निघालेल्या चित्रपटाचे संगीत अशी बतावणी करून इतरांच्या गाण्यांचा एक अल्बम काढला; त्यात आम्हाला विशेष रस वाटला नाही. मूळ कथेच्या तिसऱ्या भागासाठी श्रोत्यांना दीड दशकाहून अधिक काळ ताटकळावे लागले. मधल्या वर्षांत हे लोक शहराशहरांतून, तसेच खेळसंगीताच्या मेळ्यांतून प्रयोग करीत राहिले.

त्या प्रयोगांत श्रोतेही गाण्यात सामील होतात. गाणी पाठ असलेले शेकडो तरुण नायकाबरोबर गातात. पण अल्बमात समूहस्वर आहेत ते गर्दीचे. गळा काढून साथ द्यावी तर ती त्या जमावालाच दिली जाते. हे पाहून आम्हाला गुड फ्रायडेच्या उपासनेतील दुःखसहनाचे वाचन आठवले. येशूची वाक्ये धर्मगुरू वाचतात, निवेदन दुसरे कोणी वाचते, आणि त्याला क्रुसावर द्या म्हणण्याची वेळ आली की आपण सारे बाकांवरून उभे राहून एका आवाजात ते म्हणतो. लहानपणी तो आवाज शक्य तितका हळू काढण्याचा आम्ही प्रयत्न करीत असू, आणि शेजारी उभी असलेली आमची आई ठसक्यात वाचत असे. घरी परतताना तिला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “आपण त्या दिवशी तिथे असतो तर काय केलं असतं, तुला माहीत आहे का?”

हा लेख लिहिताना आम्ही घरातल्या एका मुलाला मूळ ‘मेगा मॅन’चा शेवट खेळून दाखवायला सांगितले. त्याला त्यासाठी दोन संध्याकाळी लागल्या. वायली गुडघे टेकतो, क्षमा मागतो, आणि निळा यंत्रमानव घराकडे धावत निघतो. पार्श्वभूमीला मात्सुमाए ह्यांची धून चालू असते. तीन सुरांची, आणि आता आम्हाला गोड वाटणारी. घराबाहेर डॉक्टर लाइट व रोल वाट पाहत उभे असतात. वाटेत त्याला एकही माणूस भेटत नाही.